आत्या, इस्त्र्या आणि कम्प्युटरचा वर्ग

कुठलाही कार्यक्रम सुरू झाला की आत्या सभागृहात सगळ्यांत मागे, दाराला पाठ टेकून उभी राहायची. पुढे कोण बोलतंय आणि काय बोलतंय, याच्याशी तिला काही देणंघेणं नसायचं. ती रिकाम्या खुर्च्या बघायची. जाहिरात आणि जनसंपर्काच्या धंद्यात तिची सगळी उमर गेली होती. गाद्या, भिंतीचा रंग, दंतमंजन, एका बस कंपनीची नवी गाडी, जे समोर आलं ते तिनं लोकांच्या गळी उतरवलं होतं. काम जमलं की फसलं, हे तिला टाळ्यांवरून कधी कळलं नाही. टाळ्या काय, पाहुण्यांच्या घरचे चार लोकही वाजवतात. खुर्ची मात्र भरलेली असते नाही तर नसते, आणि तिथे कुणाची भीडभाड चालत नाही.

लोकांच्या गळी उतरवणारी बाई म्हटलं की तोंडाचा पट्टा सुटलेली बाई डोळ्यांपुढे येते. आत्या बडबडी होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. लग्नात तिच्या शेजारची खुर्ची नातेवाईक एकमेकांना आग्रह करकरून देत असत. पण तिच्या कामाचं खरं मर्म होतं ऐकण्यात. नवं काम हाती आलं की सुरुवातीचे बरेच दिवस ती एक अक्षर लिहायची नाही. दुकानाच्या काउंटरमागे स्टूल टाकून बसायची आणि काही न घेता परत निघालेल्या गिऱ्हाइकाला गाठून विचारायची, का हो, का नाही घेतलंत? ती नकार गोळा करायची. घेणारा माणूस उगाच गोड बोलतो, न घेणाऱ्याकडे मात्र कारण असतं, असं तिचं म्हणणं. ते पहिल्या फटक्यात खरं सांगत नाही कुणी, पण जरा वेळ बसलं की सांगतात. मग जाहिरात लिहून झाली की छापायला देण्याआधी ती रस्त्यावरच्या एखाद्या अनोळखी माणसापुढे धरायची आणि विचारायची, यातून तुम्हाला काय कळलं? त्याला भलतंच काही कळलं, तर कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून.

निवृत्त झाल्यावर ती गप्प बसेल, अशी घरच्यांची भाबडी आशा होती. पहिल्याच वर्षी मागच्या अंगणात मांजरीला पिल्लं झाली, तर आत्यानं त्यांना घरं मिळवून देण्यासाठी अशी काही मोहीम चालवली, की पिल्लं संपल्यावरही लोक विचारायला येत राहिले. मांजरीला बिचारीला तोंड दाखवायची सोय उरली नाही.

एका संध्याकाळी भाची घरी आली ती पडलेला चेहरा घेऊन. ही आत्याच्या भावाची मुलगी. रस्त्याच्या टोकाला जी शाळा आहे, तिथे ती संगणकशास्त्र शिकवायची. मुलांपुढे उभी राहिली की तास कधी संपला हे कुणाला कळत नसे, पण चार मोठी माणसं समोर आली की ही मिठाची गुळणी धरणार. आत्याच्या आणि हिच्या अंगात एकच रक्त वाहतं, यावर कुणाचा विश्वास बसत नसे.

भाचीनं सांगितलं ते असं. आठवीपर्यंत संगणक सगळ्यांनाच असतो, पण नववीत मुलांना एक विषय निवडून घ्यायचा असतो. संगणकाला यंदा जेमतेम दोन बाकं भरतील एवढीच मुलं होती. शाळेच्या समितीनं ठरवलं होतं, की विषय निवडायच्या दिवसापर्यंत एक अख्खी तुकडी भरली नाही, तर वर्ग कायमचा बंद. यंत्रं विकून टाकायची आणि त्या खोलीत सभागृहाच्या जादा खुर्च्या रचून ठेवायच्या.

"काय ठेवायचं?" आत्यानं विचारलं.

"खुर्च्या. त्यांना सध्या जागा नाही म्हणे. जिन्याखाली धूळ खात पडल्यात."

"आणि तुला कुठे ठेवणार?"

"ऑफिसात. हजेरी टाइप करायला," भाची म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आत्याला राग आला. तिचा राग म्हणजे साधासुधा राग नव्हे. रिकाम्या खुर्च्या मोजण्यात जिचं आयुष्य गेलं, तिच्या भाचीचा वर्ग घालवून तिथे रिकाम्या खुर्च्या ठेवायच्या, हे तिला कुणीतरी मुद्दाम तिच्यासाठीच योजलंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती समितीच्या अध्यक्षांच्या दारात हजर.

अध्यक्ष तसे वाईट गृहस्थ नव्हते. वर्षानुवर्षं शाळेचा संसार त्यांनी काटकसरीनं ओढला होता आणि ज्या खोलीत माणसं नाहीत तिथला पंखा बंद करणं हा त्यांचा धर्म होता. त्यांनी आत्याला चहा दिला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही काहीही खपवू शकता हे मला माहीत आहे. पण पालकांनाच नको असलेला विषय आम्ही किती दिवस ओढायचा?"

"ज्यांना नकोय त्यांच्याकडूनच सुरुवात करते," आत्या म्हणाली. निवडीच्या आधीचा शनिवार तिनं मागून घेतला. त्या सकाळी पालकांना वर्ग बघायला बोलावायचं ठरलं.

मग तिनं कंबर कसली. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी स्टूल टाकून ती नकार गोळा करायला बसली. नकारांना काही तोटा नव्हता. पोरांचे डोळे बिघडतात. पोरं खेळच खेळतात. आता सगळं फोनवरच होतं, त्यात शिकायचं काय राहिलंय? आमची मुलगी हुशार आहे पण एवढी नाही. एका आईनं तर सांगितलं, की कम्प्युटर शिकलेली मुलं जेवताना बोलत नाहीत. ती तुमची मुलं असतील, असं आत्याच्या ओठांवर आलं होतं, पण नकार गोळा करताना वाद घालायचा नाही, हा तिचा नेम होता.

खरं कारण सापडलं ते एका बसचालकाकडे. त्याचा मुलगा आठवीत होता आणि भाचीच्या मते वर्गातला चांगला मुलगा होता. बापानं आधी डोळ्यांचं कारण दिलं, मग वेळेचं दिलं. आत्या नुसती मान डोलवत बसली. मुलं पांगली, फाटकाशी शांत झालं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "गणित असलं तर मी वहीत डोकावतो. बरोबर की चूक मला कळत नाही, पण गणित आहे एवढं कळतं. हे काय करतात तेच समजत नाही. पोरगा माझ्यापुढे बसून असा काहीतरी करणार, आणि मी आपला बघत राहणार?"

आत्याला बाण जिव्हारी लागल्यासारखं झालं, कारण हे तिचंही होतं. भाची इतकी वर्षं नेमकं काय शिकवते, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? ती लग्नाकार्यात अभिमानानं सांगायची, आमची भाची कम्प्युटर शिकवते, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायची.

म्हणजे पालकांना नुसती यंत्रं दाखवून भागणार नव्हतं. मुलं काय करतात ते त्यांना कळायला हवं होतं, आणि तेही त्यांच्याच घरातल्या एखाद्या गोष्टीवर. बाजारहाटाला सोयीचा रस्ता कोणता, तीन भावंडांच्या कामाच्या पाळ्या कशा लावायच्या, असलं काहीतरी पालकांनी सांगावं आणि मुलांनी त्यांच्यादेखत यंत्राकडून करून घ्यावं. कल्पना झकास होती. भाची खूश झाली, आत्या तर स्वतःवरच खूश झाली. आणि इथेच घोडं पेंड खायला बसलं.

तिनं मजकूर लिहिला: शनिवारी सकाळी शाळेत या. घरातली कुठलीही अडचण सोबत आणा. आमची मुलं ती तुमच्यासमोर सोडवतील. पैसे पडणार नाहीत. वर छायाचित्र छापलं ते वर्गातल्या एका चष्मेवाल्या मुलीचं. समोर उघडलेलं यंत्र, आतल्या तारा दिसताहेत, मुलीच्या हातात स्क्रूड्रायव्हर आणि चेहऱ्यावर हसू. छायाचित्र इतकं छान होतं, की आत्या त्याच्या प्रेमातच पडली. छापखाना बंद व्हायची वेळ झाली होती. अनोळखी माणसाला विचारायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, तिनं टाळलं. आपल्या भाचीच्या कामात आता न कळण्यासारखं काय उरलंय, असं तिला वाटलं. आयुष्यात एवढ्या एका वेळेला तिनं आपला नेम मोडला. मग ते कागद तिनं दुकानादुकानांत, बसथांब्यांवर, दवाखान्यांत, जिथे भिंत दिसली तिथे लावले.

शनिवारी सकाळी ती फाटकाशी पोचली आणि बघतच राहिली. रांग फाटकातून बाहेर पडून कोपऱ्यावरून वळली होती. आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढी माणसं तिच्या गादीलाही कधी आली नव्हती. ती ऐटीत रांगेच्या कडेनं चालू लागली आणि तिसऱ्या माणसापाशीच तिचे पाय थबकले. त्याच्या काखेत इस्त्री होती. पुढच्या बाईकडे मिक्सर. तिच्यामागे एक आजोबा टेबलफॅन पोटाशी धरून उभे होते. नंतर पुन्हा इस्त्री, रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ, वायर गुंडाळलेली शेगडी आणि पुन्हा इस्त्री. अख्ख्या वस्तीत जे जे म्हणून बिघडलं होतं ते सगळं घेऊन लोक आले होते. शाळेची पोरं फुकटात दुरुस्ती करून देणार, हे जो तो दुसऱ्याला सांगत होता.

आत्यानं कपाळावर हात मारला. ती तशीच वर्गात गेली. भाची दारातून ती रांग बघत होती आणि तिच्या मागे तिची मुलं एकमेकांकडे.

"पोरी, मी तुझं वाटोळं केलं," आत्या म्हणाली. लोकांना परत कसं पाठवायचं? आणि परत गेलेला माणूस आपल्या पोराला या वर्गात घालेल का? तो तर फसवलं म्हणूनच सांगत सुटेल. अशा वेळी बोलून बाजू सावरायची, हेच तर आत्याचं आयुष्यभराचं काम होतं, आणि नेमकी आज तिची बोलती बंद झाली होती.

त्यात भर म्हणून कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तावातावानं आत आला. शर्टाच्या खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल. शाळेनं आता लोकांच्या पोटावर पाय द्यायचं ठरवलंय का, असं त्यानं साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. आत्या काहीतरी पुटपुटली. आणि मग जे झालं, ते तिला आजही नीटसं खरं वाटत नाही. मोठ्या माणसांपुढे तोंड न उघडणारी तिची भाची पुढे झाली. तिनं दुरुस्तीवाल्याला खुर्ची दिली.

"काका, तुमच्याकडे बंद इस्त्री आली की तुम्ही पहिल्यांदा काय विचारता?"

"त्यात काय विचारायचं? लाल दिवा लागतो का ते."

"आणि नाही लागला तर?"

"तर वायर हलवून बघायला सांगतो. हलवल्यावर लागतो का? लागला, तर वायर गेली. नाही लागला, तर..." तो थांबला, कारण भाचीनं फळ्यावर लिहायला सुरुवात केली होती. प्रश्न, त्याला हो-नाहीच्या दोन फांद्या, प्रत्येक फांदीला पुढचा प्रश्न. मुलांना ती आकृती ओळखीची वाटली. महिनाभरापूर्वीच त्यांनी एक खेळ तयार केला होता. आपण मनात एखादा प्राणी धरायचा, यंत्र प्रश्न विचारत जाणार, त्याला शेपूट आहे का, तो उडतो का, आणि शेवटी ओळखणार.

"प्राणी काढा," भाची मुलांना म्हणाली. "इस्त्री घाला."

मुलं यंत्रांवर तुटून पडली. दुरुस्तीवाला भांडायला आला होता हे विसरून प्रश्न सांगत सुटला. इस्त्रीचे झाल्यावर पंख्याचे, पंख्याचे झाल्यावर मिक्सरचे. कुणी चुकीचं लिहिलं की उठून फळ्यापाशी जात होता. बाहेर रांगेत चुळबुळ वाढली तेव्हा भाची चक्क खुर्चीवर चढली. वर्ग मुलांनी भरलेला असताना निघतो तो आवाज तिनं लावला आणि सांगितलं, की इथे दुरुस्ती होणार नाही. पण तुमच्या वस्तूला काय झालंय ते आमचं यंत्र सांगेल, आणि ते कसं सांगतं हे तुम्हाला स्वतः बघायला मिळेल. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं.

कुणी हललं नाही. एवढा वेळ उभं राहून निकाल न ऐकता जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

पहिली इस्त्री एका बाईंची होती. त्यांचाच आठवीतला मुलगा यंत्रापाशी बसला आणि पडद्यावरचे प्रश्न एकेक करून आईला विचारू लागला. बाई उत्तरं देत गेल्या. शेवटी पडद्यावर आलं, वायर प्लगजवळ तुटली असावी, दुरुस्तीवाल्याला दाखवा. दुरुस्तीवाल्यानं टेस्टर लावून बघितलं आणि जागेवरूनच नुसता अंगठा वर केला. वर्गात टाळ्या पडल्या.

टेबलफॅनच्या वेळी मात्र यंत्र सपशेल आपटलं. मोटर जळली, असं त्यानं ठणकावून सांगितलं, आणि दुरुस्तीवाल्यानं मागची जाळी काढली तर आत दोऱ्याचं गुंडाळं अडकलेलं. आत्याच्या धंद्यात असं काही झालं की पडदा पाडून वाद्यं सुरू करायची पद्धत होती. भाचीनं यातलं काहीच केलं नाही. तिनं आजोबांनाच विचारलं, इथे आम्ही कुठला प्रश्न विचारायला हवा होता?

आजोबांनी विचार केला. "पातं हातानं फिरतंय का, ते."

चष्मेवाल्या मुलीनं तो प्रश्न त्यांच्यादेखत घातला आणि पंख्याचे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. या खेपेला उत्तर बरोबर आलं. आजोबा मागे वळून रांगेला सांगू लागले, की तो प्रश्न त्यांचा आहे.

बसचालक भिंतीशी हाताची घडी घालून हे सगळं बघत होता. तो आत्यापाशी आला. "गाडी सुरू झाली नाही की मी रोज हेच करतो," तो म्हणाला. "आधी हे बघ, ते नसेल तर ते बघ. हे शिकवतात होय इथे?"

"हेच," आत्या म्हणाली. खरं तर तिलाही ते आत्ताच कळलं होतं.

अध्यक्ष आले तेव्हा वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी गर्दी कसली, अशी चौकशी करायला म्हणून ते आले होते, पण त्यांच्या काखेत टॉर्च होता. येतच होतो तर म्हटलं घेऊन यावा, असं ते कुणी न विचारताच म्हणाले. लोकांनी त्यांना पुढे जायला वाट करून दिली. त्यांनी मान हलवली आणि ते रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा चष्मेवाल्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, सेल उलटे तर घातले नाहीत ना? अध्यक्षांनी टॉर्च उघडला, सेल काढले, फिरवून घातले, आणि प्रकाश थेट त्यांच्याच डोळ्यांवर पडला. सगळा वर्ग हसला. अध्यक्षही हसले आणि मग सवयीनं त्यांनी तो लगेच बंद केला.

दुरुस्तीवाल्याच्या दुकानात त्या दिवशी एवढं काम आलं, की त्यानं वस्तू फुटपाथवर मांडल्या. त्यानं आपल्या मुलीचं नाव संगणकासाठी दिलंच, वर दुकानात बसून गिऱ्हाइकाला सांगू लागला, की शाळेतलं यंत्र त्यानं शिकवून तयार केलंय. आत्यानं त्याला कधी टोकलं नाही. अशी फुकटची जाहिरात तिला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती.

विषय निवडायचा दिवस उजाडला. भाची सकाळपासून काही न खाता ऑफिसच्या बाकावर बसून होती आणि आत्या तिच्या शेजारी. दुपारी अध्यक्ष बाहेर आले. एका तुकडीची अट होती. दोन तुकड्या भरून मुलं उरली होती. भाचीनं ओंजळीत तोंड लपवलं आणि रडली. आत्याही रडली, आणि तिनं ते लपवायचा जराही प्रयत्न केला नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला आत्या मुद्दाम गेली आणि सवयीप्रमाणे दाराला पाठ टेकून उभी राहिली. बाकं खच्चून भरली होती. भिंतीकडेला मुलं उभी होती. भाचीनं दाराकडे बघितलं, आता यांना बसवू कुठे?

तेवढ्यात जिन्यावर खडखड झाली. शाळेचा शिपाई दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन आला. त्याच्यामागे मुलाला सोडायला आलेला बसचालक होता आणि त्याच्यामागे, बाह्या सरसावलेले, धुळीनं माखलेले अध्यक्ष, डोक्यावर एक खुर्ची उलटी घेऊन. जिन्याखालच्या त्याच खुर्च्या. त्यांनी ती भिंतीशी टेकवली, रुमालानं पुसली आणि उभ्या असलेल्या एका मुलाला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं. मग आणखी आणायला खाली गेले.

शेवटची खुर्ची आली तेव्हा शिपायानं ती आत्यापुढे ठेवली, बसा म्हणाला. आत्यानं वर्गावरून नजर फिरवली. मागच्या कोपऱ्यात चष्मेवाली मुलगी अजून उभी होती. आत्यानं खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि पुन्हा दाराला पाठ टेकून उभी राहिली. भाचीनं फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला. आत्यानं पुढच्या रांगेपासून मागच्या भिंतीपर्यंत पुन्हा एकदा सगळं बघून घेतलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती. तिला बसायला जागा नव्हती, आणि इतकं समाधान तिला बसून कधीच मिळालं नव्हतं.